मागे राहणारा नवरदेव

ऑरिन स्टब्सचं लग्न पडद्यावर नऊ वेळा मोडलं. पहिल्या आठ वेळा ते कथा लिहिणाऱ्यांनी मोडलं. नवव्या वेळी जे झालं त्यात माझाही हात होता, म्हणून त्याच्याविषयी लिहायचं तर मला ते टाळून लिहिता येणार नाही.

मी तेव्हा हॉलिवूडच्या एका स्टुडिओत कपडेपटात, पुरुषांच्या बाजूला, शिवणकामाला होते. नवरा वारल्यावर धरलेलं काम. मापं घ्यायची, टाके घालायचे, उसवायचं, पुन्हा घालायचे. मोठ्या नटांचे कोट बाहेरचे नामांकित शिंपी शिवत, बाकीच्यांचे आमच्याकडे यायचे. ऑरिन बाकीच्यांतला. पडद्यावर त्याचं नाव फिलिप ऑर्डवे. ते स्टुडिओनं ठेवलेलं. मी त्याला मिस्टर स्टब्स म्हणायची, आणि एकदा तो म्हणाला की या आवारात हे नाव फक्त माझ्या, म्हणजे मिसेस क्विन्लनच्या, टेबलापाशी ऐकू येतं, तेव्हा ते बंद करू नका.

नेब्रास्कात त्याच्या वडिलांचं घोड्यांच्या खोगिरांचं दुकान होतं. मोटारी आल्या आणि दुकान बसलं. हा तंबूत नाटकं करत फिरणाऱ्या एका कंपनीत शिरला. राजा, डॉक्टर, प्रियकर, खुनी, सगळं केलं. दुपारी तंबूचे खुंटेही ठोकले. पुढे बोलपट आले, तंबू ओस पडले, तसा तोही बाकीच्यांसारखा इकडे पश्चिमेला आला. सहा फूट दोन इंच उंची, रुंद खांदे, स्वच्छ आवाज. आपल्याला हिरोचं काम मिळणार याबद्दल त्याला शंका नव्हती. त्याला बघून मलाही आली नसती.

पण नट निवडायचं काम मिस्टर गॅन्झ यांच्याकडे होतं. बुटका, टकला, सतत सोडा पिणारा माणूस. नट समोर उभा राहिला की ते त्याला दोन वाक्यं बोलायला लावत आणि त्याच्या कार्डावर दोन शब्द लिहीत. त्या दोन शब्दांवर माणसाची पुढची दहा वर्षं ठरायची. ऑरिनच्या कार्डावर त्यांनी लिहिलं होतं, “चांगला. सोडण्याजोगा.”

याचा अर्थ त्यांनी एकदा माझ्याच टेबलाला टेकून मला समजावला होता. त्या काळात गमतीचे सिनेमे जोरात होते. श्रीमंताची लहरी मुलगी, कफल्लक पण तोंडाळ हिरो, दोघांची भांडणं, आणि शेवटी लग्न. पण त्या मुलीनं हिरोकडे पळायचं तर आधी कुणापासून तरी पळायला हवं. नवऱ्यापासून पळालेली दाखवली तर सिनेमांची नीती तपासणारी कचेरी कात्री लावायची. ठरलेला नवरा मात्र सोडलेला चालायचा. म्हणून दर सिनेमात एक ठरलेला नवरा लागायचा. “तो हिरोपेक्षा उंच हवा, श्रीमंत हवा, दिसायलाही वाईट नको,” मिस्टर गॅन्झ म्हणाले होते. “त्याचा दोष एकच. तो वेळेवर येतो, वेळेवर जेवतो, आभाळ आलं की छत्री घेतो. मुलीला त्याच्याबरोबरची पुढची चाळीस वर्षं एका नजरेत दिसली पाहिजेत. मग ती पळते, आणि लोक टाळ्या वाजवतात.”

मी म्हटलं, माझा नवरा असाच होता आणि मी काही पळाले नाही.

“म्हणून तर तुमच्यावर कुणी सिनेमा काढत नाही, मिसेस क्विन्लन,” ते म्हणाले आणि सोड्याची बाटली तिथेच ठेवून गेले.

आता आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगते. लोकांना वाटतं की हसू सगळं नटाच्या तोंडात असतं. ते बरंचसं कोटात असतं. मागे राहणाऱ्या नवरदेवाचा कोट आम्ही मुद्दाम बिघडवून शिवायचो. बाही जिथं कोटाला जोडतात तो मुंढा खाली उतरवायचा, म्हणजे हात जरा उचलला किंवा माणूस वाकला की सगळा कोट कानापर्यंत चढतो. कॉलर मानेपासून बोटभर सुटी ठेवायची. पँट पाऊण इंच आखूड. बघणाऱ्याला काय चुकलंय ते सांगता यायचं नाही, पण त्या माणसाबद्दल मनात आदर म्हणून बसायचा नाही. कपडेपटाचे मुख्य मिस्टर अ‍ॅपलगेट यांची तशी कायमची ताकीद होती. ऑरिनला मी असे आठ कोट शिवले. तो आरशासमोर उभा राहायचा, खांदे सरळ करायचा, कोट कानाशी यायचा. तो म्हणायचा, “छान बिघडलाय.” आणि आम्ही दोघं हसायचो.

नवव्या सिनेमाच्या मापांना तो आला तेव्हा हसला नाही. त्याच्या आईचं पत्र आलं होतं. त्याच्या गावी एकच सिनेमाघर. पहिल्या सिनेमाला त्याची आई चर्चमधल्या सगळ्या बायकांना घेऊन पुढच्या रांगेत बसली होती. शेवटी मुलगी याला सोडून पळाली तेव्हा मागून कुणीतरी ओरडलं, “स्टब्सबाई, पोरगा राहिला की तुमचा!” सगळं थिएटर हसलं. तीही हसली. दुसऱ्या वेळी तेच. तिसऱ्या वेळी दुकानात पीठ घेतानाही लोक विचारायला लागले की या खेपेला तरी ठरलं का. तेव्हापासून तिनं सिनेमाला जाणं सोडलं. पत्रात तिनं तक्रार केली नव्हती. तिनं एवढंच लिहिलं होतं, “तू कामाला आहेस याचा मला आनंद आहे. पण तुला एकदा तरी कुणी माणूस म्हणून दाखवलं तर मला कळव, मी जाईन.”

त्यानं ते मला वाचून दाखवलं, घडी घातली आणि हात वर केले, माप द्यायला.

त्या सिनेमात तो पूल बांधणारा इंजिनियर होता आणि हिरो पियानोचे सूर लावून देणारा. शेवटी बागेत लग्न, आणि ऐन शपथेच्या वेळी हिरो दुधाच्या गाडीतून येतो. मिस्टर अ‍ॅपलगेट त्या वेळी एका संगीतपटाच्या शंभर शिपायांच्या गणवेशांत बुडाले होते. माझ्या टेबलाकडे बघायला त्यांना सवड नव्हती. मी कोट कापायला घेतला, खडूनं मुंढा आखला, आणि तो मी जिथं असायला हवा तिथं आखला. कॉलर मानेला बसवली. पँट बुटावर टेकवली. मी मोठा विचार केला नव्हता. मागे राहायचंच आहे तर बिचारा मापाच्या कोटात राहू दे, एवढंच मनात आलं. रविवारी चर्चमध्ये मिस्साला गेले तेव्हा मन स्वच्छ होतं. चांगलं केलं असंच वाटत होतं.

कोट घालून बघायच्या शेवटच्या खेपेला त्यानं तो चढवला. आरशात बघितलं, हात पुढे केले, खाली घेतले. कोट जागचा हलला नाही. त्यानं माझ्याकडे बघितलं. मी टाचण्या तोंडात धरून होते, बोलले नाही. तोही बोलला नाही.

बागेतल्या प्रसंगाला मी सुई-दोरा घेऊन तिथेच उभी होते. उशीर झाला होता, ऊन उतरत होतं, आणि हिरोईनला दुसऱ्या दिवशी दुसऱ्या सिनेमासाठी जायचं होतं. डायरेक्टर मिस्टर टिब्स यांच्याकडे एकाच खेपेचा उजेड उरला होता. लिहिलेलं असं होतं की दुधाची गाडी येते, मुलगी घागरा उचलून पळते, आणि नवरदेव तोंड उघडं टाकून उभा राहतो. गाडी आली. मुलगी पळाली. पण तिच्या डोक्यावरची नवरीची लांब जाळी गुलाबाच्या काट्यांत अडकली. ते कुणी ठरवलेलं नव्हतं. ती ओढायला लागली, जाळी फाटायला लागली. मिस्टर टिब्स थांबा म्हणणार तेवढ्यात ऑरिन गुडघ्यावर बसला. एकेक काटा बाजूला करत त्यानं जाळी सोडवली, फाटू दिली नाही, आणि मोकळा पदर तिच्या हातात दिला. तिच्याकडे बघून तो म्हणाला, “जा.” तेवढंच. ती गेली. तो गुडघ्यावरच राहिला.

आधीच्या आठांपैकी कुठलाही कोट असता तर गुडघ्यावर बसताच त्याच्या कानाशी गेला असता, मान आत गेली असती, आणि लोक हसले असते. हा कोट खांद्यावरून सरळ उतरला होता. संध्याकाळच्या उन्हात तो माणूस एखाद्या वेदीपुढे गुडघे टेकल्यासारखा दिसत होता. दिवे सांभाळणाऱ्या माणसांनी टोप्या काढल्या. मिस्टर टिब्स म्हणाले की असू दे, हेच ठेवू. ऑरिननं त्याच दिवशी आईला पत्र टाकलं. या खेपेला जा, असं लिहिलं.

आमच्याकडे सिनेमा पुरा झाला की तो आधी आसपासच्या गावातल्या एखाद्या थिएटरात न सांगता दाखवायचे. लोक दुसरंच काही बघायला आलेले असायचे. सुटल्यावर दाराशी त्यांना कार्डं द्यायचे, त्यावर आवडलं-नावडलं लिहायचं. त्या कार्डांपुढे डायरेक्टरचंही काही चालत नसे. आमचा सिनेमा सँटा अ‍ॅनाला दाखवला. ऑरिन गेला, मला बरोबर नेलं.

दीड तास लोक पोट धरून हसत होते. मग बाग आली. ऑरिन गुडघ्यावर बसला आणि थिएटर गप्प झालं. “जा” म्हणाला तेव्हा आमच्या पुढच्या रांगेतली एक बाई रुमाल शोधायला लागली. त्यानंतर दुधाच्या गाडीत हिरो-हिरोईन एकमेकांना कवटाळतात, गाडी उलटते, सगळीकडे दूध होतं. कुणी हसलं नाही. दिवे लागले तेव्हा लोक असे उठले की जणू त्यांना कुणी फसवलंय. मी ऑरिनचा हात दाबला. त्याचे डोळे भरले होते. आम्हा दोघांना वाटलं की जिंकलो.

कार्डं मी दुसऱ्या दिवशी बघितली, कारण मिस्टर गॅन्झ ती घेऊन थेट कपडेपटात आले. त्यांनी ती माझ्या टेबलावर एकेक मांडली. ही मुलगी मूर्ख आहे. उंच माणसाशी लग्न का केलं नाही? पियानोवाल्याला तुरुंगात टाका. माझी मुलगी असं वागली तर मी तिला घरात घेणार नाही. एका बाईनं तर ऑरिनचा पत्ता मागितला होता.

“कोट कुणी कापला?” त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, मी.

ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. खुर्चीवर बसून त्यांनी कपाळ चोळलं. “मिसेस क्विन्लन, ज्याला सोडायचं त्याची दया येऊ द्यायची नसते. दया आली की सोडणारी वाईट ठरते. सोडणारी वाईट ठरली की सिनेमा मेला. तुम्ही एका माणसाला कोट दिलात आणि बाकीच्या सगळ्यांचे कपडे उतरवलेत.”

निर्मात्यांनी शेवट पुन्हा घ्यायचा ठरवला. नवीन पानं त्याच दिवशी आली. जाळी अडकायचीच, गुलाबही तेच. पण आता नवरदेवाला नवरीची नाही, जाळीची काळजी. ती त्याच्या आजीची. “हलू नकोस, फाटेल,” असं तो खेकसत राहतो. मुलगी वैतागून जाळी डोक्यावरून काढते आणि पळते. हा जाळी पोटाशी धरून मागे सरतो आणि कमळांच्या तळ्यात पाठीवर पडतो.  जे त्यानं केलं होतं तेच घेऊन त्यांनी त्याला उलटं घातलं होतं, जसं आपण अस्तर बाहेर काढतो.

आणि त्याच महिन्यात त्याच्या कराराचे सहा महिने संपत होते. आमच्याकडे करार सात वर्षांचा, पण दर सहा महिन्यांनी स्टुडिओला वाटलं तर पुढे चालवायचा, नाही तर सोडायचा. नटाला मात्र स्वतःहून सोडता येत नसे. मिस्टर गॅन्झनी ऑरिनला स्पष्ट सांगितलं होतं की दुसऱ्या शेवटाला लोक हसले तर करार राहील. नाही म्हणालास किंवा अर्ध्या मनानं केलंस, तर सामान उचल. त्या वर्षी शहरात त्याच्यासारखे उंच, स्वच्छ आवाजाचे शेकडो जण फाटकाबाहेर उभे होते.

तो मापांना आला. त्या आधीचे दोन दिवस मी जपमाळ ओढत होते, पण प्रार्थनेत शब्द येत नव्हते, नुसता त्याचा गुडघ्यावर बसलेला आकार येत होता. मी त्याला बसवलं आणि सरळ सांगितलं की हे सगळं माझ्यामुळे झालं. मी मुद्दाम चांगला कापला होता, कुणी सांगितलं नव्हतं.

“मला माहीत होतं,” तो म्हणाला. “पहिल्यांदा हात उचलला तेव्हाच.”

“मग बोलला का नाहीत?”

“बोललो असतो तर तुम्ही उसवला असता.”

 तो टेबलावरचा खडू हातात घेऊन फिरवत बसला. मग म्हणाला की त्यानं रात्रभर नाही म्हणायचं ठरवलं होतं आणि सकाळी दाढी करताना विचार बदलला. नाही म्हणालो तर ते दुसऱ्याला कोट घालतील, तोंड न दाखवता पाठमोरा तळ्यात पाडतील. माझं काम तरीही जाईल आणि शेवटही जाईल. शेवट कसाही जाणारच आहे.

“मग काम तरी राहू दे,” मी म्हटलं. ते बोलल्यावर मी मिस्टर गॅन्झसारखी बोलले असं वाटलं.

“आईला काय लिहू?” त्यानं विचारलं. “जा म्हणून लिहून बसलोय.”

मी म्हटलं, खरं लिहा. तो म्हणाला की खरं काय ते त्यालाच नीट माहीत नाही. सँटा अ‍ॅनाच्या लोकांनी जे बघितलं ते खरं, का सगळा देश जे बघणार ते? मग त्यानं हात वर केले आणि म्हणाला, “या खेपेला चांगला बिघडवा, मिसेस क्विन्लन. अर्धवट नको. अर्धवट बिघडलेला कोट सगळ्यात वाईट.”

मी बिघडवला. इतका मन लावून मी चांगला कोटही कधी शिवला नसेल. मुंढा दोन बोटं खाली घेतला. पाठीत एक चुणी ठेवली, ओला झाल्यावर ती फुगेल अशी. प्रत्येक टाक्याला देवाची क्षमा मागत होते आणि टाका मात्र बरोबर जिथं पडायला हवा तिथंच घालत होते. हे दोन्ही एकाच वेळी कसं होतं ते मला आजही सांगता येणार नाही.

बागेत या वेळी सकाळचं ऊन होतं. हिरोईन खास एका दिवसासाठी आली होती आणि तिला आधीचा शेवट आठवतही नव्हता. ऑरिन तळ्यात पाच वेळा पडला. दर वेळी मी त्याला पुसून कोरडा करायची, दुसरा कोट चढवायची. तसेच पाच शिवले होते. पाचव्या खेपेला तो पाण्यातून उठला, केसांवर कमळाचं पान, आणि लग्नातली उंच टोपी पाण्यावर तरंगत होती. त्यानं ती उचलली, पाहुण्यांकडे वळला, आणि सभ्य माणसानं वाकून निरोप घ्यावा तसं अदबीनं वाकत ती पाण्यासकट डोक्यावर घातली. सगळं पाणी तोंडावरून खाली आलं. कोट कानापर्यंत चढलेला. मिस्टर टिब्स खुर्चीतून पडायचेच राहिले. दिवे सांभाळणारे तेच लोक हसत होते, ज्यांनी मागच्या वेळी टोप्या काढल्या होत्या. टोपीचं कागदावर नव्हतं. मला वाटलं की टिब्स यांनी आयत्या वेळी सांगितलं असेल.

आईला त्यानं दुसरं पत्र लिहिलं होतं. गाडीत जाताना मी विचारलं तेव्हा म्हणाला, “लिहिलं की जा, पण हसायला जा.”  आम्ही पोमोनाला चाललो होतो, नवा शेवट लोकांना न सांगता दाखवायचा होता तिथं. मी येत नाही म्हटलं होतं. तो म्हणाला की पहिल्या वेळी होतात, आताही असा.

थिएटर भरलेलं होतं. मला वाटत होतं की आता सहन होणार नाही. बाग आली, जाळी अडकली, आणि त्याच गुलाबापाशी तो गुडघ्यावर बसून खेकसला तेव्हा मी डोळे मिटले. लोक खदखदायला लागले होते. मुलगी पळाली, टाळ्या पडल्या. त्या आवाजात मी डोळे उघडले. तो तळ्यात पडला. थिएटर हशानं कोसळलं. मागची एक बाई म्हणाली, “बरं झालं मेल्याचं, सुटली बिचारी.” मी ऑरिनकडे बघितलं. तो हसत नव्हता, दुःखीही दिसत नव्हता. मान थोडी तिरकी करून ऐकत होता. तंबूत नाटकं केलेली माणसं अशी ऐकतात, हसू कुठं सुरू झालं, कुठं पोचलं, किती टिकलं.

बाहेर दाराशी मिस्टर गॅन्झ कार्डांचा गठ्ठा छातीशी धरून उभे होते. त्यांनी ऑरिनचा खांदा थोपटला. “सोमवारी ये. सहा महिने पक्के. आणि ऐक, पुढच्या सिनेमात तुला एक होडी उलटवायचीय.” मग माझ्याकडे बघून म्हणाले की कोट झकास होता. मी मान हलवली. माझी कामावरची जागाही त्या वाक्यानं राहिली हे मला नंतर कळलं.

आम्ही गाडीकडे चालायला लागलो. थिएटरातून निघालेले लोक आमच्या बाजूनं जात होते आणि एकानेही त्याला ओळखलं नाही. सँटा अ‍ॅनाला दोघातिघांनी ओळखलं होतं. त्यानं गाडीचं दार माझ्यासाठी उघडलं, पण बंद केलं नाही. दाराला धरून उभा राहिला.

“मिसेस क्विन्लन, एक विचारतो. खरं सांगाल. तुम्ही हसलात का?”

नाही म्हणणं फार सोपं होतं. थिएटरात तो अंधारात माझ्या शेजारी बसला होता, पण पडद्याकडे बघत होता. त्याला कळलं नसतं. त्याला माझ्याकडून “नाही” हेच उत्तर हवं होतं, असं मला वाटलं. निदान एक माणूस हसलं नाही, एवढं घेऊन तो घरी गेला असता. पण मला खोटं बोलता येत नाही. तो गुण नाही, लहानपणी आईनं लावलेली भीती आहे.

“हसले,” मी म्हटलं. “तुम्ही खेकसलात तेव्हा नाही. पडलात तेव्हाही नाही. पण टोपी घातलीत आणि हसू आवरलं नाही. मला माफ करा.”

 मग त्याच्या तोंडावर असं काही आलं जे मी पुढच्या आमच्या सतरा वर्षांच्या ओळखीत पुन्हा पाहिलं नाही. त्यात लाज होती, आणि लाजेच्या खाली, दाबूनही न दबणारा, नटाचा आनंद होता.

“टोपीचं मला सुचलं होतं,” तो म्हणाला. “तळ्यात चौथ्यांदा पडलो तेव्हा. कुणी सांगितलं नव्हतं.”

मग त्यानं दार लावलं, गाडीला वळसा घालून आपल्या बाजूला येऊन बसला, आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले. मी मनातल्या मनात त्याच्यासाठी प्रार्थना सुरू केली, पण कशासाठी मागायचं ते ठरेना, म्हणून नुसतं त्याचं नाव घेतलं. खरं नाव.